काउंट पडण्याआधी

संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी रक्तात काही तासच टिकतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, लाल पेशी साधारण 120 दिवस. केमोने अस्थिमज्जेतली नवी भरती थांबली की आधी कोण घटणार, ते या आयुष्यांवरूनच कळतं. खरा प्रश्न पुढचा: औषध तेच, डोस तोच, खाटा शेजारशेजारच्या; मग एकाच्याच न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटरला 500 च्या खाली का जातात?

•

वय 65 च्या पुढे, अल्ब्युमिन कमी, आधी केमो झालेली. धोक्याची ही यादी खरी आहे. पण वय ओळखून करायचं काय?

•

कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये कार्बोप्लॅटिन या केमो औषधाचा डोस मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाशी जोडला. औषध बाहेर पडतं तिथूनच, म्हणजे हिशेब रास्त. मात्र तो वेग बहुतेक वेळा क्रिएटिनिनवरून अंदाजाने काढतात. खंगलेल्या रुग्णाचे स्नायू झडलेले, म्हणून क्रिएटिनिन कमी, म्हणून मूत्रपिंड कागदावर ठणठणीत. डोस वाढतो आणि प्लेटलेट आपटतात. फुप्फुसाच्या कर्करोगात असे खंगलेले रुग्ण काही थोडेथोडके नसतात.

•

पेमेट्रेक्सेड या केमो औषधाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांचे काउंट भयंकर पडले, काही दगावले. नियिकिझा आणि सहकाऱ्यांनी उपचाराआधीचे रिपोर्ट चाळले, तेव्हा धागा सापडला: ज्यांचं होमोसिस्टीन आधीच चढलेलं, त्यांना धोका जास्त. होमोसिस्टीन चढतं ते फोलेट किंवा बी-12 कमी पडल्यावर. म्हणजे उपाय अगदी स्वस्त! रोज फोलिक अ‍ॅसिडची गोळी, दर नऊ आठवड्यांनी बी-12 चं 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. विषारी परिणाम घटले. आता जीवनसत्त्वं सरसकट सगळ्यांनाच देतात, त्यामुळे होमोसिस्टीन मोजायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. भाकिताचं याहून चांगलं काय व्हावं?

•

याच संदर्भात पुणे आठवतं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे आणि आसपासच्या 441 पुरुषांची तपासणी केली. 2006 च्या त्या निबंधात 67 टक्क्यांचं बी-12 कमी होतं, 58 टक्क्यांचं होमोसिस्टीन जास्त. अभ्यास कर्करोगाचा नव्हता. तरी फाइल उघडताना तो डोक्यात असावा, विशेषतः समोर शाकाहारी आजोबा असतील तेव्हा.

•

जीवनसत्त्वं सुरू करून आठवडाभर थांबायचं, मग पेमेट्रेक्सेड, असा रिवाज. धाप लागलेल्याला तो आठवडाही जड जातो. चंडीगडच्या पीजीआयने थांबून आणि न थांबता, अशा दोन्ही तऱ्हा ताडून पाहिल्या. 2019 मध्ये निकाल छापून आला. जीवनसत्त्वं आणि केमो लगोलग सुरू केल्याने रक्तावरचे दुष्परिणाम लक्षणीय वाढले नाहीत.

•

न्यूट्रोफिल तळाला जातात साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान. रुग्ण तेव्हा घरी असतो. ताप 100.4 फॅरनहाइट झाला की लगेच कळवा, हे कार्डावर असतं खरं, अनेकदा इंग्रजीत. घरचे मायेने पॅरासिटामॉल देतात आणि सकाळची वाट पाहतात.