वासरकुप्पेच्या माथ्यावर

जर्मनीस निघतांना वहिनींनीं आम्हांस एवढेंच बजावलें होतें, “भावोजी, तिथलें सगळें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहा, मग हो म्हणायचें कीं नाहीं, तें ठरवूं.” त्यांचा धाकटा मुलगा तेथें शिकावयास आहे व त्याला विमान चालविण्याचा नाद लागला आहे. आकाशांत विमान पेटलें तर काय, हा त्याच्या आईचा प्रश्न. तोच मनांत घेऊन आम्ही वासरकुप्पेचा डोंगर चढलों.

हेसन प्रांतांतील हें सर्वांत उंच शिखर. उंची 950 मीटर. फुल्डा नदीचा उगम येथलाच. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहानें जर्मनांच्या इंजिनी विमानांवर निर्बंध आले, तेव्हां उत्साही तरुण बिनइंजिनाचीं ग्लायडरें घेऊन या माथ्यावर जमले. 1920 सालीं येथें पहिली स्पर्धा झाली. 1922 मध्यें ‘व्हॅम्पिर’ हें ग्लायडर तासाहून अधिक वेळ तरंगत राहिलें. त्यांत पेट्रोल नव्हतें, म्हणून पेट्रोलाचें भयही नव्हतें. आजच्या मोटर-ग्लायडरांत लहानसें इंजिन व टांकी असते, आणि चिंतेस तेथूनच आरंभ होतो.

पुतण्या उत्साहानें आंत बसूं लागला, तोंच शिक्षकांनीं त्याला मागें बोलाविलें व इंजिनावरील झांकण उघडावयास लाविलें. आंत कोपऱ्यांत मूठभर वाळलेलें गवत! पक्ष्यानें घरट्याची सुरुवात केली होती. इंजिन तापल्यावर तेवढें गवतही पुरे झालें असतें. तें काढून मग पेट्रोलाची प्रत्येक नळी त्यांनीं हातानें चांचपावयास लाविली. इंजिन व बैठक यांमधील आग अडविणारा पडदा दाखवून ते म्हणाले, “हा कांहीं क्षणच देतो. त्या क्षणांत पेट्रोलाचा कॉक बंद करावयाचा, आणि आग विझली तरी इंजिन पुन्हा सुरू करावयाचें नाहीं.” लांब पंखांमुळें हें यान इंजिनावांचून तरंगत उतरूं शकतें, हाच त्यांतील मोठा दिलासा.

विजेवर चालणाऱ्या ग्लायडरांची गोष्ट मात्र निराळी. 2017 सालीं इंग्लंडांत पार्हमच्या मैदानावर उतरतांना अशा एका ग्लायडराची बॅटरी वैमानिकाच्या पाठीमागें पेटली. जळका वास येईपर्यंत त्याला कल्पना नव्हती. सुदैवानें तो सुखरूप बाहेर पडला. पेटलेल्या बॅटरीला बंद करावयास कॉक नसतो; म्हणून आगीची सूचना वैमानिकास वेळेवर मिळणें अगत्याचें.

त्या रात्रीं आम्हीं वहिनींस लिहिलें: “निजण्यापूर्वीं गॅसचा कॉक आपण दोनदां पाहतां, तीच संवय येथें मुलांना लावितात. आमची संमति आहे. मात्र झांकण उघडून पाहिल्यावांचून उडणार नाहीं, असें वचन त्यानें आपणांस स्वतःच्या हातानें लिहून पाठवावें.”

पत्राखालीं त्यानें तें वचन लिहिलें, तेव्हांच आम्हीं पाकीट बंद केलें.