सात जणी, चौदा मिनिटं

मी बारडोलीची आहे म्हटलं की कॉलेजात दोन प्रतिक्रिया येतात. इतिहासवाले म्हणतात, "1928! सत्याग्रह!" आणि बाकीचे म्हणतात, "पण तू तर मराठी बोलतेस." (आम्ही मूळ वसईचे. पप्पांच्या नोकरीमुळे तिकडे गेलो आणि तिथलेच झालो, एवढं पुरे.) बारडोलीचं न्यूझीलंडशी असलेलं नातं मात्र कुणालाच माहीत नसतं. न्यूझीलंडमधली कितीतरी जुनी गुजराती कुटुंबं आमच्याच पट्ट्यातून, नवसारी-बारडोलीकडून गेलेली. डिसेंबरात लग्नांसाठी सगळे परत येतात, आणि स्टेशन रोडवर पाणीपुरी खाताना रुपेरी नेच्याचं चिन्ह असलेला काळा टी-शर्ट हमखास दिसतो. ऑल ब्लॅक्सचा. घालणाऱ्याला बहुतेकदा क्रिकेटच आवडतं, ते सोडा. पण रग्बीचा पहिला चेंडू आमच्या गल्लीत आला तो असाच, ऑकलंडहून, शेजारच्या काकांच्या बॅगेतून, थेपल्यांसाठी रिकाम्या केलेल्या जागेत.

फिजीचंही तसंच. तिथे तर आपली माणसं उसासाठीच नेली होती. 1879 ते 1916 या काळात इंग्रजांनी साठ हजारांवर भारतीयांना गिरमिटावर फिजीला नेलं. मागोमाग सुरत-नवसारीकडचे व्यापारी आणि सोनार गेले. गंमत अशी की तिथले भारतीय वंशाचे लोक जास्त करून फुटबॉल खेळतात, रग्बी मूळ फिजीयनांची. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रग्बी सेव्हन्स पहिल्यांदा आलं, फिजीने अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला 43-7 असं धुतलं आणि त्या देशाला त्याच्या इतिहासातलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळालं, तेही सोन्याचं. त्यांनी या आनंदात 2017 मध्ये चक्क सात डॉलरची नोट काढली. सात जणांचा खेळ म्हणून सात डॉलर! हे वाचल्यापासून मला सेव्हन्समध्ये रस वाटायला लागला, खेळामुळे नाही, नोटेमुळे. साहित्याच्या विद्यार्थ्याचं हे असंच असतं.

खेळ थोडक्यात सांगते. नेहमीची रग्बी पंधरा जणांची, ऐंशी मिनिटांची. 1883 मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोझ गावातल्या नेड हेग नावाच्या खाटकाने क्लबसाठी पैसे जमवायला छोटा प्रकार सुचवला: माणसं सात, वेळ कमी, मैदान मात्र तेवढंच मोठं. आज सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. चौदा मिनिटं. माझी धाकटी बहीण म्हणते, "ताई, चौदा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? एकदा पळून बघ." चेंडू हातातून पुढे फेकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा. समोरच्याला धरून पाडायचं, पण खांद्याच्या खालीच. चेंडू पलीकडच्या रेषेपार जमिनीला टेकवला की 'ट्राय', पाच गुण. मग ड्रॉप किक बसली तर आणखी दोन.

या दोन गुणांचं महत्त्व भारताच्या मुलींना विचारावं. 2024 मध्ये काठमांडूला आशियाई सेव्हन्स ट्रॉफीचा अंतिम सामना त्या फिलिपिन्सशी खेळल्या आणि 5-7 अशा हरल्या. दोन्हीकडे एकेक ट्राय. त्यांची किक बसली, आपली नाही. रौप्यपदक. आदल्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळांत जपान आणि हाँगकाँगने आपल्याला एकही गुण करू दिला नव्हता. त्यानंतर एका किकने हरणं हे मला हरणं वाटतच नाही. बहिणीला वाटतं. ती खेळाडू आहे.

आपल्याकडे ही राष्ट्रीय टीम तयार कशी झाली हे बघायला गेलं तर सुरुवात साहेबापासून होते. 1872 च्या नाताळात कलकत्त्यात इंग्रज खेळले, क्लब काढला, पुढे क्लब बंद करताना बँकेतले चांदीचे रुपये वितळवून कप बनवला आणि तो लंडनला पाठवला. आजही इंग्लंड आणि स्कॉटलंड 'कलकत्ता कप'साठी भांडतात. कपाला नागाच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. आपला रुपया, आपला हत्ती, आणि खेळायला ते! भारताची पुरुषांची टीम पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळली ती थेट 1998 मध्ये, आणि त्या टीममध्ये अभिनेता राहुल बोस होता. तोच 2021 पासून रग्बी इंडियाचा अध्यक्ष. मुलींची टीम 2009 ची. म्हणजे माझ्याहून थोडीशीच लहान.

पण मला ज्याच्याबद्दल लिहायचंय ते पुढेच आहे. या मुली येतात कुठून? मुंबईत बॉम्बे जिमखान्यावरून जाताना पावसाळ्यात चिखलात लोळणारे खेळाडू आपण सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे वाटतं की खेळ मोठ्या घरच्यांचा असेल. पुण्याची वाहबीझ भरूचा अनेक वर्षं कप्तान होती हेही खरं. पण बाकीची नावं वाचा. 2019 मध्ये मनिलात आपण पंधराच्या रग्बीत सिंगापूरला 21-19 असं हरवलं, मुलींचा त्या प्रकारातला तो पहिला विजय. शेवटची निर्णायक किक मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने, जी भुवनेश्वरच्या 'किस' या आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेत वाढली. बिहारची श्वेता शाही नालंदा जिल्ह्यातल्या खेड्यात यूट्यूब बघून शिकली. संध्या राय उत्तर बंगालच्या सरस्वतीपूर चहामळ्यातली. त्या मळ्यात रग्बी गेली ती एका कॅथलिक फादरांच्या बोलावण्यावरून. कोलकात्याच्या जंगल क्रोज संस्थेला त्यांनी सांगितलं, आमच्या पोरांना पण शिकवा. (आमच्या पॅरिशमध्ये अजून कॅरमच आहे.)

म्हणजे क्रम असा: आधी राहायची जागा, रोजचं अंडं, शाळेचा दाखला, रेल्वेचं तिकीट, आणि मग टीम. जर्सी सगळ्यात शेवटी. मला याचं कौतुक आहे आणि थोडी धाकधूकही. आदिवासी पोरगी घरापासून शेकडो किलोमीटर वाढते, देशासाठी अंग सोलवटून घेते, आणि गुडघा गेला तर? 2025 च्या जूनमध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा टीम, परदेशी स्टार, टीव्ही. त्यात मुलींच्या टीम नव्हत्या.

बारडोलीत हे सगळं येऊन पोचलं 2022 च्या राष्ट्रीय खेळांनंतर. ते गुजरातमध्ये झाले. अहमदाबादला रग्बी सेव्हन्स होतं, ओडिशाच्या मुलींनी महाराष्ट्राला हरवून सुवर्ण घेतलं. बहिणीच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी ते पाहिलं आणि कबड्डीच्या मुलींना हाताशी धरलं. कबड्डीवाल्यांना पकडायला शिकवावं लागत नाही, सोडायला शिकवावं लागतं, असं ते म्हणतात. चेंडू तो ऑकलंडचाच. मैदान गावाबाहेर, एका बाजूला ऊस.

आणि उसाच्या बाजूला पडाव. दिवाळीनंतर डांगमधून, धुळे-नंदुरबारकडून तोडकरी येतात, कापड आणि प्लास्टिकच्या कोप्या टाकतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता चालवतात. त्यातल्याच साक्रीकडच्या एका कुटुंबातली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गेल्या हंगामात रोज संध्याकाळी बांधावर बसून खेळ बघायची. एक दिवस चेंडू तिच्याकडे गेला. तिने तो फेकून नाही दिला, घेऊन पळत सुटली. बहीण सांगते, सहा जणी मागे लागलो, एकीचाही हात लागला नाही. अनवाणी होती, उसाच्या खुंटांतून रोज चालणारी.

चार महिने ती टीमची सातवी होती. गुजराती येत नाही, हिंदी थोडं, म्हणून नाताळाच्या सुट्टीत मी घरी गेले की दुभाषाचं काम माझ्याकडे. "पास मागे दे" हे मी मराठीत ओरडायचे आणि बाकीच्या मुली हसायच्या. मम्मी तिच्यासाठी एक डबा जास्त भरायची. तिच्या हातावर पात्याच्या खुणा बघून मम्मीने बहिणीच्या खरचटण्याबद्दल कुरकुरणं बंद केलं, हा एक फायदा.

अडचण फेब्रुवारीत आली. जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी शाळेचा बोनाफाईड दाखला हवा. तिची शाळा सातवीतच सुटलेली, इकडे तर नावच नाही. सर म्हणाले, नववीला बाहेरून नाव घालू, सिस्टरांच्या होस्टेलमध्ये जागा बघू, पण वडिलांची सही पाहिजे. म्हणून एका रविवारी मिस्सा आटोपून मी, बहीण आणि सर पडावावर गेलो. सर गुजरातीत बोलणार, मी मराठीत सांगणार.

तिचे वडील बैलांना वैरण टाकत होते. शांतपणे ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "ताई, नोकरी भेटते का त्याच्यात?"

मला माहीत होतं ते मी सांगितलं. बिहारमध्ये 'मेडल लाओ, नौकरी पाओ' अशी योजनाच आहे, पदक आणलं की सरकारी नोकरी. इकडे खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, पण आधी राज्य, मग देश, मग पदक. वर्षं लागतात.

"किती?"

"पाच-सहा तरी, काका."

त्यांनी मनात हिशोब केला असावा. उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते, आणि मुलगी आता मोळ्या बांधते, म्हणजे तीही अर्धा कोयता. ती स्वतः कोपीच्या दाराशी उभी होती, आमच्याकडे बघत नव्हती. आई चुलीशी. तीच पहिल्यांदा बोलली, नवऱ्याला, अहिराणीत. मला अर्धवटच कळलं. होस्टेलमध्ये रात्री दाराला कुलूप असतं का, असं काहीतरी. मी म्हटलं, असतं, सिस्टर तिथेच राहतात. ती मान हलवून भाकरी उलटवायला वळली.

सरांनी फॉर्म पुढे केला. वडिलांनी तो घडी घालून खिशात ठेवला. सही केली नाही, परतही दिला नाही. मार्चअखेर पडाव उठला. बहिणीची टीम चाचणीला सहा जणी आणि एक नवखी अशी गेली आणि पहिल्याच सामन्यात बाहेर पडली.

जूनमध्ये मुकादमाच्या फोनवरून बहिणीला फोन आला. मुलगीच होती. फॉर्म घरी पत्र्याच्या पेटीत आहे म्हणाली, आणि विचारलं, त्यावर फोटो चिकटवायचाय तो रंगीत पाहिजे की साधा चालेल.