'रईस'मध्ये किरदार कुठे हरवला?

राहुल ढोलकिया यांचा 'रईस' २०१७ च्या जानेवारीत आला. काळ १९८० च्या दशकाचा, जागा गुजरात. १९६० साली मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हापासून गुजरातेत दारूबंदी आहे, आणि बंदी आली की चोरधंदाही आलाच. ट्रक अडतो हप्त्यासाठी, सुटतो तोही हप्ता पोचल्यावर. भंगार विकणाऱ्या आईचा मुलगा या साखळीत शिरतो. विषय मोठा होता.

अभिनयाला नाव ठेवायला जागा नाही. शाहरुख खानने हात पसरण्याची नेहमीची अदा बाजूला ठेवली आणि सुरमा घातलेल्या डोळ्यांत राग दाबून धरला. नवाजुद्दीन सिद्दीकीचा पोलीस अधिकारी मजमुदार आवाज न चढवता, तिरकस बोलत, रईसला सळो की पळो करून सोडतो. आपले अतुल कुलकर्णी जयराज सेठ म्हणून थोडाच वेळ दिसतात, पण लक्षात राहतात.

घात केला तो लेखनाने. मध्यंतरानंतर दारूचा व्यापारी बघता बघता मोहल्ल्याचा मसीहा होतो. दंगलीत सगळ्यांना जेवू घालतो, गरिबांसाठी घरांची योजना काढतो, तुरुंगातून निवडणूक जिंकतो. मग सोन्याच्या मालाआडून स्फोटके येतात आणि धंद्याची खडान्‌खडा माहिती ठेवणाऱ्या या माणसाला त्याचा पत्ताच नसतो! लेखकांना त्याला गुन्हेगारही ठेवायचे आहे आणि निर्दोषही. माहिरा खानच्या आसियाला तर काळजी करण्यापलीकडे फारसे काम नाही.

मला सर्वात खटकते ते वेगळेच. हा माणूस मोहरमला मातम करतो, म्हणजे श्रद्धावान आहे. दारू हराम आहे हे त्याला ठाऊक नसेल? मग तो स्वतःला काय समजावतो? त्याच दारूने वस्तीतली किती घरे बुडाली? एखाद्या बाईने दारात येऊन त्याला हे विचारले असते, तर शाहरुखला खरे आव्हान मिळाले असते. लेखकांनी ताबीज दिला, सुरमा दिला, मातम दिला, पण मुसलमानाच्या मनातली ही झटापट दिली नाही. हिंदी सिनेमातला मुस्लिम डॉन बहुतेकदा असाच असतो: पोशाख पक्का, आतला माणूस कच्चा.

उर्दूत 'किरदार' म्हणजे कथेतले पात्र, आणि किरदार म्हणजे माणसाचे आचरणही. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. पहिला किरदार नट उभा करू शकतो. दुसरा आधी कागदावर उतरावा लागतो, कारण पात्रापुढे कोणती निवड ठेवायची हे लेखकच ठरवतो.

तरीही 'रईस' जरूर पाहा. शेवटच्या चकमकीतला नवाजुद्दीनचा चेहरा पाहण्यासाठी तरी.