नवव्या दिवसाची पुडी

जैन घरातील मुलांना सप्तव्यसनांची यादी लहानपणापासून पाठ असते. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन ही सात नावे पाठशाळेत सुरुवातीलाच शिकवली जातात. या यादीत तंबाखू नाही, सुपारी नाही आणि गुटखाही नाही. यादी सिद्ध झाली त्या काळी तंबाखू या देशात आलेलाच नव्हता. तो पोर्तुगिजांमार्फत फार नंतर आला. परंतु यादीत नाव नाही, एवढ्याच सवलतीवर या वस्तूला अनेक श्रावकांच्या घरांत आणि त्याहून अधिक त्यांच्या दुकानांत प्रवेश मिळाला. कांदा-लसूण वर्ज्य, रात्रिभोजन वर्ज्य, पाणी गाळल्याशिवाय वापरायचे नाही; आणि गल्ल्याशेजारी मात्र पुड्यांच्या माळा लटकलेल्या, असे दृश्य कोणाला विसंगत वाटेनासे झाले.

तालुक्याच्या एका बाजारपेठेत दोघा भावांचे असेच एक किराणा दुकान होते. वडिलांनी साठ वर्षांपूर्वी सुरू केलेले, सचोटीसाठी ओळखले जाणारे. मापात खोट नाही, उधारीवर व्याज नाही. थोरले भाऊ घाऊक खरेदी, बँक आणि हिशेब पाहत. धाकटे भाऊ गिऱ्हाइकाशी गोड बोलत, म्हणून दर्शनी काउंटर त्यांच्याकडे होते. तंबाखू, चुना, सुपारी आणि पुढे गुटखा हा सगळा माल त्याच काउंटरवर असे.

धाकट्यांनी पहिली पुडी तोंडात टाकली ती विशीत, गोड सुपारीची. दुपारच्या वेळी झोप येऊ नये, एवढेच निमित्त. सुपारीवरून पानमसाल्यावर आणि पानमसाल्यावरून गुटख्यावर यायला दोन वर्षे पुरली. चाळिशीत रोजच्या पंधरा पुड्या होत असत. बाहेरचा मनुष्य पुडी विकत घेतो, त्यामुळे खिशातून गेलेला पैसा निदान त्याला दिसतो. दुकानदाराची पुडी माळेतून तुटते आणि थेट तोंडात जाते. ती ना विक्रीत येते, ना घरखर्चात. दोन रुपयांची पुडी धरली, तरी पंधरा पुड्यांचे दिवसाला तीस आणि वर्षाला सुमारे अकरा हजार रुपये होतात. पै-पैचा मेळ घालणाऱ्या थोरल्यांच्या वहीत या उचलीला कधीच खाते उघडले गेले नाही.

या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी की धाकटे भाऊ तपस्वी होते. पर्युषणात त्यांनी सलग नऊ वर्षे अठाई केली. आठ दिवस केवळ उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. त्या आठ दिवसांत पुडीला त्यांचा हातही लागत नसे. घरात कौतुक होई, वरघोडा निघे, नातेवाईक साता विचारायला येत. त्यांच्या पत्नीला त्या दिवसांचे निराळेच सुख असे. पतीच्या तोंडाला वास येत नसे आणि मुले त्यांच्या मांडीजवळ येऊन बसत. नवव्या दिवशी मुगाच्या पाण्याने पारणे होई, आणि दहा वाजता दुकानात गेल्यावर पहिली पुडी फुटे.

एका वर्षी पत्नीने धीर करून विचारले, "आठ दिवस जमतं, मग वर्षभर का नाही जमत?"

ते हसून म्हणाले, "अगं, पच्चक्खाण आठ दिवसांचंच घेतलं होतं."

त्यावर घरातील सगळेच हसले. या मनुष्याला पुडी सोडता येते, म्हणजे त्याला व्यसन नाही, अशीच सर्वांची समजूत झाली. या समजुतीची किंमत पुढे फार मोठी पडली.

2012 च्या जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने अन्न सुरक्षा कायद्याखाली गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. दुकानातील माळा उतरल्या. परंतु ओळखीच्या गिऱ्हाइकाला काउंटरखालून पुडी मिळत राहिली. या मालाला बिल नव्हते, बँकेला द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये त्याचे नाव नव्हते; नफा मात्र पूर्वीपेक्षा अधिक होता. थोरल्यांना हे ठाऊक होते. त्यांनी विचारले नाही आणि धाकट्यांनी सांगितले नाही. बिनबिलाच्या मालाला एरवी हात न लावणाऱ्या दुकानात हा एक कोपरा असा अंधारात राहिला.

बंदीनंतर दोनएक वर्षांनी धाकट्यांना तिखट सोसेनासे झाले. लोणच्याचा खार लागला तरी तोंडाची आग होई. मग घास लहान झाला. निरोगी मनुष्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. त्यांच्या तोंडात एकच मावू लागले. दंतवैद्यांनी सांगितले की सुपारीतील अर्कामुळे गालांच्या आतील मऊ त्वचेखाली तंतूंचे कठीण पट्टे तयार होतात, गाल चामड्यासारखा ताठ होतो आणि तोंड हळूहळू मिटत जाते. ही कर्करोगाच्या आधीची पायरी ठरू शकते. यासाठी तंबाखूच हवा असे नाही, सुपारी एकटी पुरेशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवले आहे. "तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे," असे म्हणून मुखवासाचे तबक पुढे करणाऱ्या प्रत्येक घराने हे लक्षात घ्यावे.

याच सुमारास मोठ्या मुलीच्या संबंधाची बोलणी चालू होती. पाहुणे जेवायला बसले. वरण कालवून बोटाच्या टोकाने भात आत सरकवणारे वधुपिता त्यांनी पाहिले. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर आधीच जुळवून झाली होती. त्या रात्री मुलगी काही बोलली नाही. वडिलांचे ताट मात्र तिने यापुढे पाहुण्यांच्या पंगतीत वाढले नाही. थोड्याच दिवसांत आठवीतील धाकट्या मुलाच्या दप्तरात गोड सुपारीच्या तीन रिकाम्या पुड्या सापडल्या. त्या कोठून आल्या, हे विचारण्याची गरज नव्हती.

2015 मध्ये कुटुंबाने आरोग्य विमा घेतला. प्रस्तावपत्रात तंबाखूच्या सेवनाचा रकाना होता. त्यासमोर "नाही" असे लिहिले गेले. लिहिणाऱ्याला ते खोटे वाटलेही नसावे, इतकी ती गोष्ट घरात नित्याची झाली होती. 2018 मध्ये गालाच्या आतील जखम भरेना, तेव्हा तपासणीसाठी तुकडा काढला आणि कर्करोगाचे निदान झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गालाचा भाग आणि जबड्याचे हाड काढावे लागले, छातीवरील मांस घेऊन ती जागा भरण्यात आली. पुढे सहा आठवडे किरणोपचार चालले. विमा कंपनीने कागदपत्रे मागवली. रुग्णालयाच्या नोंदीत पंचवीस वर्षांच्या सेवनाचा स्पष्ट उल्लेख होता. माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नामंजूर झाला. त्यात दोष द्यायला कोणीही परका नव्हता.

मग दुकानातून उचल सुरू झाली. मुंबईतील मुक्काम, औषधे, येण्याजाण्याचा खर्च. माल कमी भरला जाऊ लागला. माल कमी झाल्यावर बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यातील उचलीची मर्यादाही घटली. दिवाळीच्या हंगामात, ज्या महिनाभरात वर्षाची कमाई व्हायची, त्या वेळी फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या. पत्नीचे दागिने तारण गेले. वडिलांच्या काळापासून ज्या व्यापाऱ्यांची रक्कम ठरल्या दिवशी पोहोचत असे, त्यांना प्रथमच थांबा म्हणावे लागले. दोन रुपयांच्या पुडीचा हिशेब असा एकदम आणि व्याजासह समोर आला.

रुग्णालयातील समुपदेशकांपुढे पत्नीने अठाईची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि सांगितले की निकोटीन शरीरातून दोन-तीन दिवसांत उतरते. चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे हा त्रास त्याच पहिल्या दिवसांत सर्वाधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. यांनी तो सर्वांत कठीण आठवडा एकदा नव्हे, नऊ वेळा ओलांडला होता. पुढे उरते ती प्रामुख्याने सवयीची ओढ: तोच गल्ला, तीच दुपार, तोच चहा आणि हाताच्या अंतरावरची तीच माळ. तिच्यासाठी केवळ निश्चय पुरत नाही. ती माळ तिथून हलवावी लागते, काही महिने कोणीतरी सोबत राहावे लागते आणि गरज पडल्यास वैद्यकीय मदतही घ्यावी लागते. व्यसन हा आजार आहे. त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे म्हणजे धर्मात उणे पडणे नव्हे.

धाकटे भाऊ घरी परतले तेव्हा बोलणे अस्पष्ट होते. दुकानात बैठक बसली होती. बंदीनंतरही काउंटरखाली चालणारा माल पुढे ठेवायचा की नाही, हा प्रश्न होता. थोरल्यांचा मुलगा म्हणाला, "बाबूजी, आता तर पैशाची जास्तच गरज आहे. आपण नाही विकला तर समोरचा विकेल. गिऱ्हाईक तेलसाखरही तिकडूनच नेईल." त्याचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने चूक नव्हते. धाकट्यांनी जुन्या बिलाच्या पाठीवर काहीतरी लिहिले आणि ते भावापुढे सरकवले. त्यावर एवढेच होते: "भाईसाब, माझी पहिली पुडी आपल्याच दुकानातली होती."

थोरले त्या दिवशी काही बोलले नाहीत. पंधरवड्यानंतर संवत्सरी होती. प्रतिक्रमणात श्रावकाच्या सातव्या व्रताचे अतिचार येतात. त्यात पंधरा कर्मादानांची, म्हणजे श्रावकाने टाळावयाच्या पंधरा धंद्यांची, नावे आहेत. त्यांतील एक विषवाणिज्य. सोमल, बचनाग अशा विषांचा व्यापार एवढाच त्याचा अर्थ आजवर मनात होता. पन्नास वर्षे तो पाठ त्यांच्या जिभेवरून सहज वाहत आला होता. त्या दिवशी त्या शब्दाशी त्यांचा आवाज थांबला, शेजारच्या श्रावकाने पुढचा शब्द सांगितला, तेव्हा पाठ पुढे सरकला.

दुसऱ्या दिवशी काउंटरखालचा सर्व माल, तंबाखू आणि सुपारीसह, दुकानाबाहेर गेला. तो परत व्यापाऱ्याला दिला नाही, जाळून टाकला. दैनंदिन विक्रीचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्या दिवशी संपला. मग थोरल्यांनी उधारीची वही काढली. बाजारातील हमालांच्या नावावर पुड्यांची बाकी होती. प्रत्येकाकडे जाऊन त्यांनी ती बाकी सोडली आणि हात जोडून मिच्छामि दुक्कडम म्हटले. एका हमालाच्या पत्नीने त्यांना दारातच सांगितले, "शेठ, उधारी सोडलीत, चांगलं केलंत. पण त्यांना पुडी आता पलीकडच्या दुकानात मिळते." थोरल्यांकडे त्याचे उत्तर नव्हते. त्यांनी हीच गोष्ट पुढे संघाच्या सभेत जशीच्या तशी सांगितली. पेठेत समाजाची वीसेक दुकाने आहेत. त्यांपैकी चार दुकानांनी तंबाखूचा माल बंद केला. इतर दुकाने अजून विचार करीत आहेत. लग्नप्रसंगी मुखवासाच्या तबकात सुपारी ठेवू नये, हा ठराव मात्र एकमताने झाला.

2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार या देशातील प्रौढांपैकी 28.6 टक्के, म्हणजे सव्वीस कोटींहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि त्यांत चघळणाऱ्यांचे प्रमाण ओढणाऱ्यांपेक्षा मोठे होते. भारतीय पुरुषांमध्ये मुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. हा माल कोणीतरी विकतो आणि विकणाऱ्यांत व्यापारी समाज आहे, हे नाकारता येणार नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकण्यास 2003 च्या कायद्याने मनाई आहे. मुलाच्या हाती असा पदार्थ देणाऱ्यास बालन्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. कायद्याची भीती असावीच. परंतु श्रावकाला त्याहून जुना आधार सातव्या व्रताचा आहे. आचार्य तुलसींनी 1949 मध्ये सुरू केलेल्या अणुव्रत आंदोलनाच्या आचारसंहितेत व्यसनमुक्त जीवनाचा नियम स्पष्ट शब्दांत घातलेला आहे.

धाकटे भाऊ आज मऊ अन्न खातात, सकाळी दोन तास दुकानात बसतात. पुडीचे पच्चक्खाण आता यावज्जीव आहे. मुलीचा विवाह पुढे चांगल्या घरी झाला. त्या वेळी वडिलांचा आजार पहिल्याच भेटीत, काही न लपवता सांगितला गेला.

ज्यांना मदत हवी आहे, त्यांच्यासाठी शासनाची 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि तंबाखू सोडण्यासाठी 1800-112-356 ही निःशुल्क सेवा उपलब्ध आहे. आणि पर्युषणात जे बंधू अठाई किंवा तेला करतील, त्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट अवश्य करावी. पारण्याच्या आदल्या रात्रीच घरातील आणि दुकानातील पुड्या दूर कराव्यात. नवव्या दिवशी तपस्व्याचा हात सवयीने माळेकडे जाईल, तेव्हा तिथे माळ नसावी. सर्वांत कठीण आठवडा त्याने स्वतःच्या बळावर पार केलेला असतो. पुढचे चार आठवडे घराने त्याच्यासोबत चालावे.