गिझरची जागा

वऱ्हाडात डिसेंबर लागला की पहाटेचे टाकीचे पाणी हाताला झोंबते. अशा वेळी सर्वांच्या आधी उठून बंब पेटवायचे काम घरातल्या बाईकडे असते. काटक्या, गोवऱ्या, फुंकणी आणि डोळ्यांतले पाणी हे सारे तिच्याच वाट्याचे. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ गरिबांच्या स्वयंपाकघरात गॅस आला. आंघोळीचे पाणी मात्र कित्येक घरांत अजून काटक्यांवरच तापते. म्हणून यंदा रिद्धपूरच्या आमच्या घरी आम्ही गॅसचा गिझर घेतला. वस्तू एका दिवसात आली; ती लावायची कुठे, हे ठरवायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांतला विचार वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

घरी मिस्त्री आला. त्याने दिशा पाहिली आणि सांगितले, "अग्नीची वस्तू आहे भाऊ, आग्नेय कोपऱ्यातच पायजे." हा कोपरा नेमका न्हाणीच्या आत, खिडकीपासून सर्वांत लांब. त्यानंतर गिझर बसवणारा मुलगा आला. त्याला वास्तुशास्त्राशी देणेघेणे नव्हते. तोही म्हणाला, "आतच लावतात सारे." आमच्या चिरंजीवांनाही तेच हवे होते. नव्या टाइल्सवर पांढरा गिझर शोभून दिसेल, असे त्यांचे मत.

मिस्त्रीचे म्हणणे नाकारणे आम्हा बौद्धांना सोपे गेले. पण "सारेच लावतात" हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे. केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी हाच उपदेश केला होता. परंपरेने आले म्हणून, कानावर आले म्हणून, कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका. हिताचे की अहिताचे ते स्वतः पारखून घ्या. तेव्हा आम्हीही पारखायला बसलो.

गॅस जळायला हवा लागते. एक किलो गॅस पुरता जळायचा तर सुमारे १५ किलो हवा खर्च होते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा घरगुती गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. आमची न्हाणी चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. तिच्यात हवा मावते ती साडेसहा किलोच्या आसपास. घरातल्या तिघांनी एकामागून एक आंघोळ केली आणि गिझर अर्धा तास चालला, तर दार-खिडकी बंद असताना त्या खोलीतली जवळजवळ सगळी हवा एकट्या गिझरलाच लागेल. आम्ही वाणिज्य शाखेचे. जमाखर्च आम्हाला कळतो. हा हिशेब तोट्याचा आहे.

शिवाय हवा सगळी संपेपर्यंत धोका थांबत नाही. ती कमी पडू लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलेंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास मिसळलेला असतो. या विषाला तसा काही इशारा नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मग चक्कर, मळमळ, हातापायांतले बळ जाते. दाराची कडी काढण्याइतकीही ताकद उरत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये धुळवडीनंतर मुंबईत घाटकोपरला एक जोडपे न्हाणीघरात मृत सापडले, तेव्हा गॅस गिझरच्या धुराचाच संशय व्यक्त झाला होता. शिकलेल्या, सुखवस्तू वस्तीतली ही घटना. विष शिक्षण पाहत नाही आणि पगारही पाहत नाही.

रात्री जेवणानंतर आम्ही घरातल्या सर्वांना बसवून हे सांगितले. आमच्या पत्नी लगेच म्हणाल्या, "आई अंदर न्हात असन अन् तिले भोवळ आली, तं आपल्याले बाहेर कसं समजन?" म्हाताऱ्या आईने तर एका वाक्यात निकाल दिला, "बंबाचा धूर डोयाले झोंबे, म्हनून आपन दूर सरको. हा धूर तं दिसतच नाई. मंग याच्यापासून पयावं कसं?" बंब अंगणात ठेवणाऱ्या जुन्या बायांना रसायनशास्त्र माहीत नव्हते, पण धुराची जागा माहीत होती. चिरंजीव मग काही बोलले नाहीत.

गिझर बाहेर, हे ठरले. मागची भिंत सर्वांत सोयीची. पलीकडे लगेच न्हाणी, दीड फुटाच्या पाइपात काम भागत होते. पण तिथे उभे राहून पाहिले, तर समोरच तीन फुटांच्या बोळापलीकडे शेजाऱ्यांची खिडकी. त्या खोलीत त्यांची सून दोन महिन्यांचे बाळ घेऊन निजते. आमच्या गिझरचा धूर सरळ तिथे गेला असता. "एवढं कोण पाहते?" असे गिझर बसवणारा मुलगा म्हणाला.

आपण पाहायला हवे. अनेक गावांत आपल्या पूर्वजांची वस्ती गावाच्या पूर्वेला का असे? वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो. वस्तीवरून आलेला वारा गावावरून जाऊ नये म्हणून. वाऱ्याचासुद्धा विटाळ मानणाऱ्या व्यवस्थेने आपली जागा ठरवली. त्या वाऱ्याखाली पिढ्या काढलेल्या माणसांनी आपला धूर दुसऱ्याच्या लेकराकडे सोडावा काय? बाबासाहेबांनी जी बंधुता सांगितली ती सभेतल्या भाषणापुरती नाही. ती या तीन फुटांच्या बोळातही पाळावी लागते.

शेवटी अंगणाच्या मोकळ्या बाजूला, तिन्हीकडून उघड्या पत्र्याखाली गिझर लागला. पाइप आठ फूट वाढला, खर्चही वाढला. पहिले दोन तांबे पाणी थंड येते. ते वेगळ्या बादलीत धरून भांड्यांना वापरतो. आई आता ऊन पाण्याने न्हाते आणि पत्नींची पहाटेची फुंकणी सुटली.

ज्यांच्या घरी गिझर आहे किंवा येणार आहे, त्यांनी एवढे जरूर करावे. गिझर आणि सिलेंडर दोन्ही न्हाणीबाहेर, मोकळ्या हवेत ठेवावे. आधीच आत बसवला असेल तर तो बाहेर काढेपर्यंत वापरू नये. सिलेंडर उभा व सपाट जागी असावा. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून त्याला खड्ड्यात वा बंद कपाटात ठेवू नये. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर गिझर बंद करून दुरुस्त करून घ्यावा. न्हाणीत कुणी भोवळून पडले तर आधी गिझर बंद करावा, माणसाला उघड्यावर आणावे आणि तत्काळ दवाखाना गाठावा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

महानुभावांचे तीर्थ असलेल्या आमच्या रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. बाहेरगावची मुले शिकायला येतात. कुणी त्यांना खोली भाड्याने देत असेल, तर भाडे ठरवण्याआधी तिथल्या न्हाणीत जाऊन गिझर कुठे आहे ते पाहावे. तीही कुणाची तरी लेकरे आहेत.

जयभीम!