माहेरच्या पाण्यावर

‘साहस’ हा शब्द आज शाळांच्या शिबिरांपासून पर्यटनाच्या फलकांपर्यंत सर्वत्र गौरवाने मिरवतो. परंतु त्याचे कुळ तितकेसे प्रतिष्ठित नाही. मनुस्मृतीत विवादाची जी अठरा पदे सांगितली आहेत त्यांत ‘साहस’ हे एक आहे, आणि तेथे त्याचा अर्थ आहे दुसऱ्याच्या देखत, बळाच्या जोरावर केलेला गुन्हा. गुन्ह्यापासून गुणापर्यंत हा शब्द कसा आला, हे भाषेच्या अभ्यासकांनी सांगावे. आम्हांला मात्र त्याचा जुना अर्थ विसरून चालत नाही. दोन मोठी माणसे, दोन मुले आणि तीन मोटारसायकली असा आमचा संसार आहे, आणि आमचा छंद बऱ्याचदा दुसऱ्याच्या दारावरून जातो.

आम्ही बेळगावचे. सुट्टी मिळाली की खानापूर, लोंढा मागे टाकून रामनगरला उतरायचे, ही घरची जुनी रीत. रामनगर जोयडा तालुक्यात येते. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा तालुका विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ. कोकणी, मराठी आणि कन्नड या तिन्ही भाषा येथे एकाच अंगणात नांदतात. पश्चिमेला गोव्याची हद्द, कॅसलरॉकवरून दूधसागराकडे उतरणारा लोहमार्ग, दक्षिणेला अणशीचा घाट आणि मधे सारे रान. डिग्गी गावाजवळ उगम पावणारी काळी नदी याच रानातून वाट काढीत सदाशिवगडापाशी समुद्राला मिळते.

आमच्या सरावाची जागा म्हणजे रामनगरजवळचा, आजींच्या भावाच्या नावावरचा जमिनीचा तुकडा. जांभ्याचा चढ, मधे एक कोरडा ओहोळ, पलीकडे करवंदीच्या जाळ्या. भातशेतीला ही जमीन फारशी उपयोगी पडली नाही; आमच्या खेळाला मात्र ती मुद्दाम घडवल्यासारखी आहे. पहिल्या पावसात आणि परतीच्या पावसात जांभ्यावर शेवाळ धरते आणि खडक साबणासारखा होतो. चिखलात उतरण्यापूर्वी चाकांतली हवा थोडी कमी करायची. उभे राहून चालवायचे, म्हणजे धक्के गुडघे आणि कोपरे झेलतात, कणा नव्हे. उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच लगाम धरू द्यायचा. नजर खड्ड्यावर ठेवायची नाही, खड्ड्यापलीकडच्या वाटेवर ठेवायची. कारण चाक नजरेमागून जाते. या चार गोष्टी शिकायला आम्हां मोठ्यांना दोन वर्षे लागली, मुलांना दोन महिने.

हा खेळ केवळ पुरुषांचा, ही समजूत आमच्या घरात टिकली नाही. मुलांची आई आमच्यात सर्वांत सफाईने ओहोळ पार करते. बंगळूरची ऐश्वर्या पिसे हिने 2019 साली जागतिक संघटनेच्या बाहा स्पर्धामालिकेत महिलांचे विजेतेपद मिळवले, तेव्हा आमच्या लेकीने वर्तमानपत्रातले तिचे छायाचित्र कापून कपाटाच्या दारावर चिकटवले. त्याच कपाटाच्या आतल्या बाजूला दुसरे एक कात्रण आहे. 2015 साली डकार रॅलीत उतरणारे पहिले भारतीय ठरलेले सी. एस. संतोष 2021 च्या जानेवारीत सौदी अरेबियाच्या वाळवंटात पडले आणि त्यांच्या डोक्याला गंभीर इजा झाली, त्याची ती बातमी आहे. दोन्ही कात्रणे तिनेच लावली आहेत. आम्ही काही सुचवले नव्हते.

जोयड्यातील बरेचसे रान संरक्षित आहे. दांडेलीचे अभयारण्य आणि अणशीचे राष्ट्रीय उद्यान मिळून 2007 साली व्याघ्र प्रकल्प झाला. 2015 साली त्याला काळी नदीचे नाव मिळाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा क्षेत्रात परवानगीवाचून शिरता येत नाही, आणि येऊही नये. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवते, आणि नर तिला बाहेरून फळे भरवतो. त्या झाडाखालून आमचे इंजिन गुरगुरत जाण्याला खेळ म्हणता येणार नाही. तेव्हा आमचे नियम ठरलेले आहेत. मोठ्यांनी सार्वजनिक रस्त्यावरच चालवायचे. परवान्याचे वय न झालेल्या मुलांनी आजोळच्या जमिनीबाहेर चाक काढायचे नाही. वस्ती दिसली की गती उतरवायची, आणि दिवेलागणीपूर्वी गाड्या उभ्या करायच्या.

नियम असले तरी पडणे चुकत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आमचा सोळा वर्षांचा मुलगा जांभ्याच्या उतारावर पडला. शिरस्त्राण, छातीचे कवच, गुडघ्यांच्या वाट्या, सारे अंगावर होते. हासळीचे हाड मात्र मोडले. पलीकडच्या वाडीवरचे एक कुणबी गृहस्थ आवाज ऐकून धावत आले. त्यांनी आपला पंचा सोडला, मुलाचा हात कोपरात दुमडून छातीशी इतक्या नीटसपणे बांधला की बेळगावच्या डॉक्टरांनी तो पाहून समाधानाने मान हलवली. आमची जीप हाताशी होती. दीड-दोन तासांत मुलगा रुग्णालयात होता आणि सहा आठवड्यांत हाड जुळले.

पंचा परत द्यायला आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी उकडलेले कंद पुढे ठेवले. जोयड्याच्या कुणब्यांनी कंदांच्या कितीतरी जाती पिढ्यान्‌पिढ्या राखल्या आहेत, हे आम्हांला तेथे कळले. बांधणे कुठे शिकलात, असे विचारल्यावर ते सहज म्हणाले, “पावसात ओढा भरला की गाडी येत नाही हो. खुर्चीला दोन बांबू बांधायचे आणि माणसाला खांद्यावरून न्यायचे. वाटेत हाड हलू नये म्हणून असे बांधतात.” मग थोडे थांबून म्हणाले, “तुमचा मुलगा पडला तो उतार आहे ना, तिथून आम्ही माझ्या बायकोला नेली होती. आडवी आली होती. वाचली.”

परतीच्या वाटेवर आम्ही कोणीच फार बोललो नाही. ज्या उतारावर तोल सावरताना आमच्या अंगावर सुखाचा काटा येतो, त्याच उतारावर चार माणसे एका बाळंतिणीला पावसात खांद्यावर घेऊन उतरली होती. निसरडेपणा तोच होता. फरक एवढाच की आम्ही तो निवडला होता, आणि नको वाटला तर सोडून घरी जाऊ शकत होतो.

निवडलेले आणि लादलेले, यांतला हा भेद आमच्या घरात त्याआधीच एका वेगळ्या रूपाने येऊन बसला होता. आजींचे माहेर सुपे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे हे तालुक्याचे गाव. धरण बांधायचे ठरले, कचेऱ्या जोयड्याला गेल्या आणि माणसांना रामनगरला जागा मिळाल्या. 1987 साली धरण पूर्ण झाले. 101 मीटर उंचीच्या त्या भिंतीमागे आता आजींचे घर, शाळा, बाजार, सारे काही आहे. भावाच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजेच आमचे सरावाचे मैदान. आजी रामनगरला दरवर्षी येत; पण तेथून पुढे गणेशगुडीकडे त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते.

लेकीने एके दिवशी राफ्टिंगचा हट्ट धरला तेव्हा म्हणूनच घरात शांतता पसरली. गणेशगुडीखालच्या काळीत रबरी तराफे सोडतात. हिमालयातल्या नद्यांना बर्फाचे पाणी येते. काळीला येथे वेग येतो तो विजेच्या मागणीमुळे. सुपे धरणाच्या पायथ्याची जनित्रे फिरू लागली की पाणी सुटते, खळाळ जागे होतात; जनित्रे थांबली की उघडे खडक उरतात. पुढे हेच पाणी बोम्मनहळ्ळीच्या जलाशयात अडते आणि नागझरीच्या वीजगृहाकडे वळते. म्हणजे ज्या पाण्यावर आमची मुलगी खेळू पाहत होती, ते तिच्या आजीच्या माहेरावरून येणारे पाणी होते. त्यावर खेळ मांडावा का? आमच्यात दोन मते पडली. एक मत असे की तो निष्ठुरपणा होईल. दुसरे असे की नदीशी जन्माचा अबोला धरणे हाही शहाणपणा नव्हे. शेवटी ठरले की आजींना विचारायचे, आणि त्या नाही म्हणाल्या तर विषय पुन्हा काढायचा नाही.

आजींनी सारे ऐकून घेतले आणि नातीला एकच विचारले, “तुला पोहता येते?” येते म्हटल्यावर म्हणाल्या, “कुठे शिकलीस? टाकीत. वाहत्या पाण्यात पोहणे निराळे. पांढरीला पूर आला की आम्ही वरच्या अंगाने शिरायचो आणि खालच्या अंगाने निघायचो. समोर नाही जायचे पाण्याला.” आणि त्या आमच्याबरोबर आल्या.

काठावर शिकवणाऱ्या मुलाने सूचना दिल्या. तराफ्यातून पडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा, बोटे पाण्याबाहेर. उथळात उभे राहू नका, खडकात पाय अडकतो. आजी लक्षपूर्वक ऐकत होत्या. त्याचे संपल्यावर नातीकडे वळून म्हणाल्या, “बरोबर सांगतो तो.” तराफा सुटला, पहिल्या खळाळात नाहीसा झाला, पुन्हा दिसला. आजींनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. हात मात्र पदराशी स्थिर होते. संध्याकाळी मुलीने त्यांना विचारले, “तुमचे घर किती आत आहे?” आजींनी वाळूवर बोटाने दोन नद्या काढल्या, मधे बाजाराची रेघ ओढली आणि पांढरीच्या बाजूला एक टिंब दिले. त्या टिंबाकडे जाण्याची वाट, डावीकडची कौलारू शाळा, उजवीकडचे फणसाचे झाड, असे सांगत सांगत त्यांनी बोटाने पुरी केली. आमच्यापैकी कोणीही ते गाव पाहिलेले नव्हते.

धाडस सोडून द्यावे, असे आम्हांला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. शरीराला भीतीची ओळख करून देणे, पडून उठणे, आपल्या आज्ञेत नसलेल्या पाण्यापुढे नम्र होणे, हे मुलांना घराच्या भिंतींत शिकवता येत नाही. परंतु आपल्या खेळाच्या वाटेवर कोणाचे ओझे चालून गेले आहे, हे ठाऊक असलेला मनुष्य निराळ्या रीतीने चालवतो. त्याच्या हाताखालचा वेग तोच असतो. थांबण्याची जागा मात्र बदलते.

पावसाळ्याच्या भर चार महिन्यांत आमचा सराव बंद असतो. गाड्या बेळगावला येतात. चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप रामनगरच्या अंगणात राहते आणि तिची किल्ली वाडीवरच्या त्या गृहस्थांकडे असते. त्यांचा धाकटा भाऊ आता ती सफाईने चालवतो. गेल्या श्रावणात ओढा उतरल्यावर मध्यरात्री तिच्यातून एक तरुण बाई रुग्णालयात पोहोचली. मुलगी झाली. हा निरोप आधी आजींना आला. आम्हांला तो सकाळी चहाच्या वेळी कळला.