मुक्ताच्या शिक्षण परिषदेसाठी

प्रिय मुक्ता,



केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत ऑटिस्टिक मुलांबद्दल बोलायचं काम केंद्रप्रमुखांनी तुझ्याकडे दिलंय, हे कळून फार आनंद झाला. तू माझ्याकडे लक्षणांची यादी मागितली आहेस. ती मी पाठवत नाही. यादी हातात पडली की शिक्षक मुलाकडे बघायचं सोडून खुणा करत बसतात. विशेष शिक्षिका म्हणून इतकी वर्षं काम केल्यावर माझं म्हणणं एवढंच आहे : या मुलांना इतरांसारखं कसं करायचं हे त्या तासात शिकवू नकोस. शाळा त्यांना सोसेल, झेपेल अशी कशी करायची, ते शिकव.

सुरुवात परिपाठापासून कर, कारण तो प्रत्येक शिक्षकाच्या रोजच्या पाहण्यातला आहे. पत्र्याच्या शेडखाली शे-दीडशे मुलं एका सुरात म्हणत असतात, माईक मध्येच किंचाळतो, ढोल घुमतो, शेजारच्याचा खांदा लागतो. एखादं मूल कान दाबून रांगेतून पळत सुटतं आणि त्याच्या नावापुढे ‘बेशिस्त’ असा शेरा पडतो. त्याला तो आवाज दुखत असतो, मुक्ता. आवाज, स्पर्श, वास, उजेड यांची फार तीव्र किंवा फार मंद जाणीव ही गोष्ट अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये ऑटिझमच्या निदानाच्या निकषांतच घातली. तेव्हा ‘हे लाड झाले’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबव. त्या मुलाला रांगेच्या कडेला, माईकपासून लांब उभं राहू द्यावं. टोला पडायच्या आधी त्याला सांगावं. खिचडीचा वास सोसत नसेल, तर घरची भाकरी खाऊ द्यावी. यातल्या कशालाही अनुदान लागत नाही.

मग ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ यावर ये. इथे घाई करू नकोस. ही शिस्त आपल्या हाडीमाशी रुजलेली आहे आणि ती सोडायला शिक्षकांना जड जाईल. काही मुलांचे हात सतत हलतात, काही बसल्या जागी डोलतात, काही एकच वाक्य पुटपुटत राहतात. अनेकदा त्या हालचालीमुळेच त्यांचा जीव थाऱ्यावर राहतो आणि आपलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतं. हात बांधायला लावले, की सगळं बळ हात न हलवण्यातच खर्च होतं आणि गणित बाजूला राहतं. ‘माझ्याकडे बघ’चंही तसंच. मान खाली घातलेलं मूलही ऐकत असतं. ऐकलं की नाही हे पाहायचं तर प्रश्न विचारावा, हनुवटी धरून तोंड वर करू नये.

आणि जे मूल हे सगळं मुकाट्याने पाळतं, त्याची मला जास्त काळजी वाटते. विशेषतः मुलींची. शाळेत गुणी म्हणून वाखाणलेली मुलगी घरी पोचताच दप्तर फेकते आणि तासभर रडते. आई सांगायला येते, तर आपण म्हणतो, ‘आमच्याकडे तर अगदी शहाण्यासारखी असते.’ दिवसभर स्वतःला लपवून लपवून ती पोर थकलेली असते. प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींच्या अभ्यासांत या लपवण्याचा चिंतेशी आणि नैराश्याशी संबंध पुन्हा पुन्हा आढळला आहे. अशा आईचं म्हणणं खरं मानायला जरी तू शिकवलंस, तरी तुझा तास सार्थकी लागेल.

‘पण या मुलांना दुसऱ्याचं मन कळत नाही ना?’ हा प्रश्न येईलच. डेमियन मिल्टन हे ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. हे न कळणं दोन्ही बाजूंनी असतं, आपल्यालाही त्यांचं मन कळत नाही, असं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं. पुढे एडिंबरा विद्यापीठातल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कानगोष्टींसारखा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळेच ऑटिस्टिक असलेल्या साखळ्यांत गोष्ट तितकीच शाबूत पोचली, जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळ्यांत. दोन्ही प्रकारच्या माणसांच्या मिश्र साखळ्यांत मात्र ती बरीच गळली. हा प्रयोग शिक्षकांना सावकाश समजावून सांग. दोष एकट्या मुलाचा नाही, हे व्याख्यानापेक्षा यातून लवकर पटतं.

आणखी एक आग्रह आहे. त्या तासातला निम्मा वेळ एखाद्या ऑटिस्टिक प्रौढ व्यक्तीला दे. शाळेत काय सोसलं आणि कोणत्या बाईंमुळे, गुरुजींमुळे शाळा सुसह्य झाली, हे तिच्याच तोंडून येऊ दे. तिला बोलण्यापेक्षा लिहून पाठवणं सोयीचं असेल, तर ते वाचून दाखव, आणि मानधनाचं आधीच ठरव. हे नुसतं शोभेसाठी करू नकोस. तिने तुझा एखादा मुद्दा खोडला, तर तो काढून टाक.

कायद्यावर दोन मिनिटं पुरेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि समावेशित शिक्षणासाठी शिक्षक-कर्मचाऱ्यांना तयार करणं ही त्याच कायद्याने शासनावर टाकलेली जबाबदारी आहे. तू मेहेरबानी मागायला उभी राहणार नाहीस, हे लक्षात ठेव.

वाचलेला वेळ न बोलणाऱ्या मुलांसाठी ठेव. ‘आधी तोंडाने बोलू दे, मग चित्रं’ असं म्हणत वर्षं घालवतात. चित्रांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही, आणि तोवर त्या मुलाला ‘पोट दुखतंय’ एवढंही सांगता येत नसतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे ॲप चित्रावर बोट ठेवलं की बोलतं, मराठीतसुद्धा. प्रत्येक शिक्षकाला ते स्वतः वापरून पाहायला लाव : तोंड बंद ठेवून, फक्त चित्रांवरून, शेजारच्याकडे पाणी मागायचं. ॲप मोबाइलवर घरूनच उतरवून ने. परिषदेच्या शाळेत रेंज नसते, असं तूच म्हणाली होतीस.

तुझी,
शैलामावशी